रिफर्बिश्ड कॅमेरा ऑनलाइन घेताना: एका सेटच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. चिपळूणचा एक तरुण छायाचित्रकार लग्नांची कामं आता स्वतःच्या नावावर घेऊ लागला आहे. त्याला ऑनलाइन एका विक्रेत्याकडे कॅनन ५डी मार्क थ्री आणि सोबत २४-१०५ एफ/४ एल लेन्स असा सेट ६२ हजारांत दिसला. जाहिरातीत लिहिलंय, ‘रिफर्बिश्ड, अगदी नव्यासारखा, शटर काउंट १२ हजार, विक्रेत्याची सहा महिन्यांची वॉरंटी’. शटर काउंट म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा आजवर किती वेळा उघडला त्याची मोजणी. पैसे आधी भरायचे. घ्यावा का, आणि घेतलाच तर काय तपासावं?

मी मुंबईत फोर्ट भागात कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतो, त्यामुळे असे सेट घेऊन आलेली माणसं मला नेहमी भेटतात. उत्तर आधी देऊन टाकतो: या अटींवर घेऊ नका. कॅमेरा वाईटच असेल असं मी म्हणत नाही. ५डी मार्क थ्री ही दणकट बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आहे, नीट सांभाळलेली असेल तर आजही लग्नाचं काम उत्तम करते. अडचण अशी की जाहिरातीतली एकही गोष्ट तुम्हाला आज पडताळून बघता येत नाही, आणि पैसे मात्र आज जाणार आहेत. अटी बदलून घेता आल्या तर विचार करा. त्या कशा बदलायच्या तेच खाली लिहितो.

आधी रिफर्बिश्ड म्हणून काय काय विकलं जातं ते बघा. कंपनीकडे परत आलेला किंवा प्रदर्शनात ठेवलेला माल कंपनीच उघडते, तपासते, लागेल तो भाग बदलते आणि स्वतःच्या वॉरंटीसह विकते. हा सगळ्यात भरवशाचा. अमेरिकेत कंपन्यांच्या स्वतःच्या दुकानांत असा माल नियमित मिळतो. आपल्याकडे तो क्वचित दिसतो, म्हणून पुष्कळ जण तिकडच्या भाच्याला किंवा मित्राला सांगून मागवतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की रिफर्बिश्ड मालाची तिकडची वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नये. दुसरा प्रकार म्हणजे एखादं दुकान जुने कॅमेरे विकत घेतं, आपल्या कारागिराकडून तपासून घेतं आणि बिल देऊन विकतं. यात चांगली दुकानं आहेत, मी स्वतः त्यांची कामं करतो. तिसऱ्या प्रकारात कॅमेऱ्याच्या आत कोणी हातच घातलेला नसतो. बाहेरून पुसायचं, ग्रिपचं रबर नवं चिकटवायचं, नवा पट्टा आणि नवी बॅग द्यायची, झालं. तिघांच्याही जाहिरातीत शब्द तोच असतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा: कॅमेरा कोणी उघडला, कोणता भाग बदलला, आणि हे बिलावर लिहून देणार का? दुरुस्ती खरंच केली असेल तर माणूस दोन मिनिटांत सांगतो. ‘सगळं सर्व्हिस केलंय’ एवढंच उत्तर आलं, तर तो फक्त वापरलेला कॅमेरा समजा आणि वापरलेल्याचीच किंमत द्या.

आता तो १२ हजारांचा आकडा. हे मॉडेल मार्च २०१२ मध्ये जाहीर झालं आणि २०१६ मध्ये मार्क फोर आला, म्हणजे बाजारात फिरणाऱ्या बहुतेक बॉड्यांनी भरपूर वर्षं पाहिली आहेत. कंपनीने शटरचं आयुष्य दीड लाख क्लिक धरलं आहे. एका लग्नात अडीच हजार क्लिक सहज होतात. वर्षाला तीस लग्नं केली तर पाऊण लाख, म्हणजे दोन वर्षांत दीड लाख पुरे. हा कॅमेरा भारतात प्रामुख्याने लग्नवाल्यांनीच वापरला. त्यातला एखादा हौशी माणसाच्या कपाटात पडून राहिलेला असू शकतो आणि त्याचा काउंट १२ हजार असू शकतो. पण तसं असेल तर त्या माणसाकडे मूळ बिल, खोका आणि बहुधा मॅन्युअलसुद्धा असतं. ते मागा.

आकडा स्वतः पाहायचा तर निकॉनमध्ये सोपं आहे, तो फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो आणि फाइल वाचणाऱ्या कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, ५डी मार्क थ्री त्यातलाच) तसं नाही. कॅमेरा यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरनेच वाचावा लागतो. विक्रेत्याने पाठवलेला स्क्रीनशॉट कोणत्या कॅमेऱ्याचा हे कळायला मार्ग नसतो. म्हणून व्हिडिओ कॉल लावायला सांगा. त्यात बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक दाखवायचा, मग तीच बॉडी केबलला लावून आकडा दाखवायचा, मध्ये कॉल तोडायचा नाही. या मागणीला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आकडा खरा निघाला तरी तो फक्त शटरबद्दल सांगतो. व्हिडिओ काढताना शटर क्लिक मोजला जात नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, इलेक्ट्रॉनिक शटर लावून काढलेले फोटोही यांत्रिक शटरवर पडत नाहीत. त्यामुळे मिररलेस बॉडी आठ हजार काउंटची असली तरी ती तीन हंगाम गिंबलवर (कॅमेरा हलू न देणाऱ्या दांड्यावर) बसून दिवसभर व्हिडिओ काढत राहिलेली असू शकते. तिचा चित्र टिपणारा सेन्सर किती तापला, एचडीएमआयचं तोंड किती वेळा ओढलं गेलं, हे कुठल्याच आकड्यात येत नाही. ते अंगावर दिसतं. फ्लॅशच्या खाचेचा काळा रंग उडून पितळ-पोलाद दिसतंय का, एचडीएमआयची पिन सैल हलते का, तळाला ट्रायपॉडच्या प्लेटने गोल ओरखडे पाडलेत का, बॅटरीचं दार घट्ट बसतं का, हे बघा. नवं रबर आणि झिजलेली खाच एकाच बॉडीवर दिसली की समजायचं ती राबलेली आहे आणि वरून सजवली आहे.

एक खूण मी गिऱ्हाइकांना भिंग देऊन दाखवतो. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. दिसायला नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखेच, पण अधिक (+) चिन्हासारख्या खाचेचा आकार थोडा वेगळा. जेआयएस पेचकस वापरला तर स्क्रू उघडल्याचं कळतही नाही. साधा फिलिप्स घातला की तो खाचेत पूर्ण बसत नाही, जोर दिला की घसरतो आणि खाचेच्या कडा खातो. काळा मुलामा जाऊन मधोमध चांदीसारखा चमकणारा तारा दिसतो. तळाचे चार स्क्रू आणि माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) कडेचे स्क्रू बघा. तिथे चमक दिसली तर बॉडी उघडली आहे आणि उघडणाऱ्याकडे योग्य हत्यार नव्हतं. ज्याच्याकडे पेचकस धड नाही त्याने आत आरशाची पातळी आणि सेन्सरचे शिम (अंतर नेमकं राखणाऱ्या पातळ चकत्या) कसे बसवले असतील, याचा विचार तुम्हीच करा. यासाठी विक्रेत्याकडून तळाचा जवळून काढलेला, उजेडातला फोटो मागायचा.

तळावरचं स्टिकरही नीट बघा. बाहेरचं कवच बदललेल्या बॉड्या येतात, आणि मग स्टिकरवरचा अनुक्रमांक एक आणि कॅमेऱ्याच्या आतला दुसरा असतो. ५डी मार्क थ्री प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आतला अनुक्रमांक लिहितो. विक्रेत्याकडून आज काढलेला एक मूळ फोटो मागा, समोर आजचं वर्तमानपत्र ठेवून काढलेला. तो ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आतली सगळी माहिती पुसून टाकतं. दोन अनुक्रमांक जुळले नाहीत तर चर्चा संपली. अशा वेळी माल चोरीचाही असू शकतो. मोबाइलसारखा कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो, चोरीचा कॅमेरा बंद करून टाकायची सोय नाही, त्यामुळे तो विकायला सोपा जातो. आणि चोरीचा माल आहे असं समजायला कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिलावर अनुक्रमांक लिहून घेणं म्हणूनच महत्त्वाचं. पुढे विमा काढायचा झाला तरी तोच कागद लागतो.

बॉडीवर एवढं लिहिलं, पण या सेटमध्ये मला खरी काळजी लेन्सची वाटते.

२४-१०५ एफ/४ एल ची पहिली आवृत्ती २००५ ची. लग्नासाठी इतकी सोयीची की ती अनेकांच्या बॉडीवरून कधी उतरलीच नाही. तिची एक दुखरी जागा दुरुस्तीवाल्यांना पाठ आहे. डायफ्रॅमकडे (उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राकडे; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) जाणारी पातळ फ्लेक्स पट्टी झूमबरोबर सतत वाकते आणि वर्षांनी तिच्यातली एखादी रेघ तुटते. मग कॅमेरा ‘एरर ०१’ दाखवतो आणि लेन्सचे कॉन्टॅक्ट पुसा असं सांगतो. विक्रेताही तेच सांगतो, खोडरबराने घासा, होईल. होत नाही, कारण दोष पट्टीत आहे. यातली मेख अशी की डायफ्रॅम पूर्ण उघडा असताना, म्हणजे एफ/४ वर, लेन्स बिनबोभाट चालते. घरात एफ/४ वर चार फोटो काढून ‘मस्त आहे’ म्हणणाऱ्याला कळतच नाही. म्हणून एफ/८ आणि एफ/११ लावा, झूमच्या २४, ३५, ५०, ७०, १०५ अशा प्रत्येक खुणेवर क्लिक करा आणि मध्ये मध्ये झूम जोरात पुढे-मागे फिरवा. एकदाही एरर आला तर लेन्स परत. पट्टी बदलता येते, पण त्यासाठी लेन्स बरीच उघडावी लागते, आणि चांगल्या प्रतीची पट्टी मिळायला हवी.

लेन्स किती जुनी तेही कळू शकतं. त्या काळच्या कॅनन लेन्सच्या मागच्या बाजूला, माउंटजवळ, बारीक कोड छापलेला असतो. पहिलं अक्षर कारखान्याचं, यू म्हणजे उत्सुनोमिया. दुसरं अक्षर वर्षाचं, पुढचे दोन आकडे महिन्याचे. एक्स असेल तर २००९, वाय २०१०, झेड २०११, आणि पुन्हा ए पासून २०१२. त्यानंतरच्या काळात हा कोड हळूहळू बंद झाला. ‘दोन वर्षं वापरलेली’ लेन्स मागे यूएक्स दाखवत असेल तर बोलणं कसं करायचं ते तुम्हाला कळेल.

दुसरा विषय बुरशीचा. कोकणात राहणाऱ्याला मी हा वेगळा समजावून सांगायची गरज नाही, पण तुम्ही जी लेन्स विकत घेणार तिने आधीचे पावसाळे कुठे काढले हे विचारायचं बहुतेक जण विसरतात. मुंबई, गोवा, केरळ, कोलकाता इथे चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत बंद राहिलेली लेन्स आणि नागपूरला कपाटात राहिलेली लेन्स यांत खूप फरक असतो. बुरशी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून निघणारी आम्लं काचेवरचा कोटिंगचा थर खातात. सुरुवातीला पुसून निघते. उशीर झाला तर बुरशी गेली तरी तिची नक्षी काचेवर कायम राहते. साध्या उजेडात ती दिसणार नाही, पण स्टेजवरचे एलईडी समोर आले की सगळा फोटो दुधाळ होतो. रिफर्बिश्ड लेन्समध्ये हेच विकलं जातं, कारण पुसलेली बुरशी फोटोत दिसत नाही.

बघायचं असं: लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, पुढून बघा, मग उलट बाजूने तेच करा. सरळ उजेडात काही दिसत नाही, तिरक्यात धागे, धुरकट पट्टा, बोटांचे ठसे सगळं दिसतं. थोडी धूळ प्रत्येक झूममध्ये असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. आतल्या काचेवर बोटाचा ठसा दिसला तर मात्र लेन्स कोणीतरी घाईत उघडली आहे. तशी लेन्स केंद्रातून सरकलेली असू शकते. ते पकडायला छापील वर्तमानपत्राची दोन पानं सपाट भिंतीवर ताणून चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोर सरळ ठेवा आणि एफ/४ वर फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन कोपरे वाचता येतात आणि चौथा येत नाही, तर आतली एखादी काच वाकडी बसली आहे. स्थिरीकरणही (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली यंत्रणा) ऐका. बटण अर्धं दाबल्यावर हलकी गुरगुर चालते, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारू लागलं तर नको.

बॉडी हातात आल्यावरच्या चाचण्या त्यामानाने झटपट होतात. एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. काही डाग साफ होतात, पण साफ करून शंभर-दोनशे क्लिकनंतर पुन्हा आले तर शटरमधून तेल किंवा कण उडत आहेत. निकॉन डी६०० मध्ये हा प्रकार इतका झाला की कंपनीने २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्यांचीही शटर फुकट बदलून दिली. अशा मॉडेलची बॉडी घेताना ते काम झालं आहे का हे विचारायला हवं. लेन्सची टोपी लावून ३० सेकंदांचा फोटो काढला की जळके पिक्सेल दिसतात. पांढऱ्या भिंतीवर १/८००० सेकंदाच्या शटर वेगाने दहा फोटो काढा. एखाद्यात कडेला काळपट पट्टा आला तर शटरचा पडदा मागे पडतो आहे. ५डी मार्क थ्रीला सीएफ आणि एसडी अशा दोन प्रकारच्या मेमरी कार्डांची सोय आहे आणि सीएफच्या खाचेत ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरकं घुसवलं की त्यातली एखादी वाकते. टॉर्च मारून सगळ्या पिना सरळ उभ्या आहेत का बघा, मग दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहून बघा. शेवटी अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवा.

बॅटरी आणि चार्जर सेटबरोबर येतात ते बरेचदा नकली असतात. कॅननमध्ये परक्या बॅटरीवर ‘या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का’ असा प्रश्न स्क्रीनवर येतो, तो विक्रेत्याने ‘ओके’ दाबून घालवलेला असतो. निकॉनच्या मेन्यूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ४ म्हणजे संपलेली. बॅटरी आणि मेमरी कार्ड या दोन गोष्टी कधीही रिफर्बिश्ड घेऊ नका. लग्नाचे विधी पुन्हा होत नाहीत. याच यादीत मी पाण्यात चालणारे अ‍ॅक्शन कॅमेरे धरतो, कारण एकदा उघडलेलं सील पुन्हा तसं बसलंय की नाही हे पाण्यात गेल्यावरच कळतं.

जाता जाता एक. हल्ली कॉलेजची मुलं जुने छोटे सीसीडी (जुन्या प्रकारचा सेन्सर) कॅमेरे ऑनलाइन चढ्या भावाने घेत आहेत. २००२ ते २००४ दरम्यान बनलेल्या सोनीच्या अनेक सीसीडींमध्ये आतल्या जोडणीचा दोष होता, तो उष्ण आणि दमट हवेत उफाळतो. चित्र जांभळं होतं, आडव्या रेघा येतात किंवा काहीच दिसत नाही. हे सीसीडी कॅनन, निकॉन, फुजी अशा बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते आणि २००५ मध्ये कंपन्यांनी ते बदलून दिले. आता ना भाग मिळतात ना कंपनी हात लावते. मुंबईच्या हवेसाठी त्या वर्षांतले कॅमेरे टाळलेले बरे. निकॉन १ किंवा सॅमसंग एनएक्ससारख्या बंद पडलेल्या मालिकांनाही हेच लागू. स्वस्त मिळतात, पण पहिल्याच बिघाडाला शोकेसमध्ये जातात.

आता पैशांचं. यूपीआयने आगाऊ पाठवलेले पैसे परत मिळवणं फार कठीण असतं. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, कॅमेरा लष्करी पार्सलने पाठवतो, आधी भाडं भरा’ हा सापळा जुना आहे, तरी माणसं अजून अडकतात, कारण समोरून ओळखपत्राचा फोटो येतो. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, आणि क्यूआर स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात. फसवणूक झाली तर त्याच तासात १९३० वर फोन करा, रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच असते. पैसे देण्याची बरी पद्धत म्हणजे खोका समोर उघडून मग पैसे, किंवा निदान क्रेडिट कार्ड, ज्यात बँकेकडे वाद घालता येतो.

व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलं असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाहीच दाद लागली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण एखाद्या खासगी माणसाने आपला एकुलता एक कॅमेरा विकला तर हे नियम त्याला लागू होत नाहीत. तिथे तुमचा आधार म्हणजे तुमची तपासणी. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, सील लावलेल्या खोक्यापासून अनुक्रमांक दिसेपर्यंत, न थांबता.

‘सहा महिने वॉरंटी’ लेखी मागा आणि नीट वाचा. शटर, सेन्सर आणि बुरशी वगळली असेल तर उरतं काय? कॅमेरा दिल्लीला पाठवायचा, दोन्ही बाजूंचं कुरिअर तुमचं, आणि तीन आठवडे थांबायचं असं असेल, तर तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या तुमच्या हंगामात ती वॉरंटी काही कामाची नाही. खरेदी दिवाळीच्या बरीच आधी करा, म्हणजे परतीच्या मुदतीत सगळ्या चाचण्या होतील आणि दुरुस्तीलाही वेळ राहील.

तुमच्या जागी मी असतो तर सेट फोडला असता. बॉडी रत्नागिरी-चिपळूणच्याच एखाद्या ओळखीच्या छायाचित्रकाराकडून घेतली असती, काउंट जास्त असला तरी, कारण शटर बदलता येतं आणि तो माणूस उद्याही तिथेच असतो. किंमत ठरवताना शटर बदलण्याचा खर्च आधीच वजा करायचा. उरलेले पैसे लेन्समध्ये घातले असते, आणि ती हातात घेऊन, टॉर्चच्या उजेडात बघूनच. पहिल्या हंगामाच्या मोठ्या लग्नांना दुसरी बॉडी भाड्याने घ्या.

आणि तरीही याच सेटवर मन बसलं असेल, तर त्या विक्रेत्याला आज चार गोष्टी मागा: व्हिडिओ कॉलवर शटर काउंट, तळाच्या स्क्रूंचा जवळून फोटो, वर्तमानपत्रासह एफ/११ वर काढलेली मूळ फाइल, आणि अनुक्रमांक लिहिलेल्या जीएसटी बिलाचा व वॉरंटीच्या अटींचा मसुदा. चारही आल्या आणि पैसे खोका उघडल्यावर द्यायचे ठरलं, तर ६२ हजार ही वाजवी किंमत आहे.